दोन गाठींची बाटली

काकू,

तुमची मृणाल म्हणाली, तेराव्याला वाचायला चार ओळी लिहून पाठव. मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर पहिला विचार काय आला असेल, तर मलाच का? तुम्हाला ओळखणारे काय कमी होते? अकोल्यात आपल्या दुकानात कपडे टाकणारी अर्धी गल्ली, अमरावतीला तुमच्याबरोबर बी.एस्सी. झालेल्या मैत्रिणी, सासरचे, माहेरचे. ते सगळे सोडून मंगळुरूला एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत डाग काढत बसलेल्या, नववीत शाळा सोडलेल्या माणसाकडून लिहून घ्यायचं, म्हणजे यात काहीतरी असणार. तुम्ही जाताना तिला काही सांगून गेलात का? माझ्याबद्दल?

पाहा. तुम्ही गेलात, पण माझं हे काही गेलं नाही.

"तुयं डोकं म्हंजे पोलिसचौकी हाय रे पल्लाद," तुम्ही म्हणायच्या. "आत येईल त्याची झडती."

तर आज तुमची झडती आहे. रागावू नका. तुम्हाला नेऊन झाल्यावर मला कळलं, आणि इथून निघालो असतो तरी अकोल्याला पोचेपर्यंत राखसुद्धा भरून झाली असती. म्हणून जे समोर बसून विचारायचं होतं ते इथूनच विचारतो.

बाळापूरच्या पुढच्या खेड्यातून मी तुमच्याकडे आलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि मला फक्त इस्त्री येत होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, दुपारी गिऱ्हाईक नसताना, तुम्ही मला मोरीजवळ बोलावलं. एप्रिल होता. अकोल्याचा एप्रिल, टॉवेलला दुसरा चिमटा लावेपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असायचं. तुम्ही नळाची धार सुताएवढी बारीक केली, प्लास्टिकचा कंगवा केसांतून सात-आठ वेळा फिरवला आणि धारेच्या जवळ नेला. धार वाकली. कंगव्याला शिवली नाही, नुसती त्याच्याकडे कलली, कुणी हाक मारल्यावर मान वळावी तशी.

मी आधी नळाच्या मागे पाहिलं.

"काय शोधून राहिला?"

"चुंबक."

"पाण्याले चुंबक लागते का कुठी?"

"मंग कंगव्यात काय हाय?"

तुम्ही कंगवा माझ्या हातात दिला. मी वास घेतला, उजेडात धरून आरपार पाहिला. मग म्हटलं, माझ्या कंगव्यानं करतो. केलं. धार जागची हलली नाही.

"पाहा! तुमच्याच कंगव्यात काहीतरी हाय."

तुम्ही माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि म्हणालात, "जाय, आधी साबणानं डोकं धुऊन ये. पावशेर तेल थापलं अन् माह्या कंगव्यावर आळ घेऊन राहिला!"

धुतलं. वाळायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मग धार माझ्याही कंगव्याकडे वाकली. मी किती तरी वेळ तेच करत बसलो आणि तुम्ही गल्ल्यावर जाऊन बसलात. पुढे काही बोलला नाहीत. माझा संशय तिथून सुरू झाला. शाळेत दाखवलेलं नंतर विचारायचे, नाही आलं की हातावर छडी. तुम्ही दाखवलं आणि विचारलंच नाही. कामाला ठेवलेल्या माणसाला कुणी असं फुकट का शिकवेल? हिला माझ्याकडून काय पाहिजे?

चार दिवस मी वाट पाहिली. पाचव्या दिवशी मीच विचारलं, धार का वाकते.

तुम्ही पावतीपुस्तकाच्या मागे काढून दाखवलं. मध्ये ऑक्सिजन, दोन अंगांना दोन हायड्रोजन. त्यांच्यामध्ये इलेक्ट्रॉन, दोघांचे सामायिक. पण ऑक्सिजनची ओढ जास्त, म्हणून ते त्याच्याकडे सरकलेले. त्या ओढीला विद्युतऋणता म्हणतात हे सांगताना तुम्ही तो शब्द दोनदा म्हणालात, जसा काही फार दिवसांनी तोंडात आला होता. ऑक्सिजनचं टोक थोडं ऋण झालं, हायड्रोजनची टोकं थोडी धन झाली. रेणूला दोन तोंडं आली. त्यालाच ध्रुवीय म्हणायचं. कंगव्यावर भार आला की ते रेणू थोडे थोडे त्याच्याकडे तोंड करतात आणि ओढले जातात.

मी म्हटलं, "काकू, सामायिक म्हणता अन् एकाकडं जास्त म्हणता. मंग ती वाटणी कायची?"

"वाटणीच हाय. सारखी नाही एवढंच."

"आमच्याकडं त्याले हडपणं म्हणतात."

तुम्ही हसलात, पण मी गंमत करत नव्हतो. आमच्या घरी बांधावरून भावाभावांत जे झालं त्यातच माझी शाळा सुटली होती. सामायिक म्हटलेल्या गोष्टीत कोण ओढतं हे मी पाहिलं होतं. तुम्ही म्हणालात, "अरे, त्यानं पूर्ण नेलं नाही. पूर्ण नेलं अस्तं तर मिठासारखं झालं अस्तं, एक इकडं अन् एक तिकडं. हे अजून धरून हायेत एकमेकाले." मी म्हटलं, धरून आहे तो हायड्रोजन, ऑक्सिजनचं काय जातं? हे भांडण आपलं दहा-बारा वर्षं चाललं. मागच्या दिवाळीच्या फोनवरसुद्धा तुम्ही विचारलं, "काय पल्लाद, ऑक्सिजन सुटला का जामिनावर?" आणि मी म्हटलं, नाही, अजून आतच आहे.

ते आता तसंच राहिलं.

एकदा मी विचारलं होतं, सोड्यातल्या गॅसमध्ये तर दोन-दोन ऑक्सिजन आहेत, मग तो गॅस पाण्यासारखा का नाही? तुम्ही मृणालला हाक मारली. ती तेव्हा कॉलेजात होती, कॉमर्सला, आणि तुमच्या केमिस्ट्रीपासून लांब पळायची. तुम्ही माझ्या कमरेला दोन चादरी बांधल्या. एकीचं टोक तुमच्या हातात, दुसरीचं मृणालच्या, दोघी समोरासमोरच्या भिंतींना. "ओढ!" मला दोन्हीकडून ताण, पण मी जागच्या जागी. "हा झाला कार्बन डायऑक्साइड. ओढ हाय, पण एकमेकीले मारते." मग तुम्ही दोघी एकाच अंगाला थोडं अंतर सोडून उभ्या राहिलात. "आता ओढ!" मी सरळ इस्त्रीच्या टेबलावर. "हे पाणी. ओढ तेवढीच, पण वाकून हाय म्हणून एका बाजूले जाते."

दारात नेमके शेजारचे टेलर उभे होते. "वहिनी, काय चाललं?"

"पाणी करून राहिलो," तुम्ही म्हणालात.

खरं सांगतो, तेव्हासुद्धा मला वाटलं होतं की दोघी मिळून माझी गंमत करतात. संध्याकाळी घरी जाताना मी परत सगळं मनात फिरवलं, यात कुठे फसवणूक आहे का. सापडली नाही. म्हणून जास्तच काळजी वाटली.

सुती शर्टावर इस्त्रीआधी पाणी का शिंपडायचं, हे मी लहानपणापासून करत होतो आणि मला माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलं, कापसाच्या धाग्यांत हायड्रोजनचे हात एकमेकांना धरून असतात. घडी पडली की त्या घडीतच धरतात. पाणी मध्ये शिरतं, हात सोडवतं, इस्त्री पाणी उडवते आणि सरळ झालेल्या कापडात ते हात पुन्हा धरले जातात. "म्हंजे तू दिवसभर हात सोडवून राहिला अन् हात धरवून राहिला." आज इथे माझ्या हाताखाली चौघं आहेत. त्यांना मी हेच वाक्य हिंदीत सांगतो. तुमचं नाव सांगत नाही. ते आता सांगीन.

आता गाठींवर येतो.

आपल्या आतल्या खोलीत फळीवर तपकिरी बाटल्या असायच्या. स्पिरिट, ॲसिटोन, पेट्रोल. कागदाच्या चिठ्ठ्या टिकायच्या नाहीत, कारण डाग काढणारं जे असतं ते शाईलाही काढतं. ओघळ आला की अक्षरं गेली. म्हणून तुम्ही टेलरकडून कोटाच्या अस्तराच्या लाल चमकदार पट्ट्या आणल्या, एकेक बाटलीच्या गळ्यात बांधली आणि गाठी मारल्या. पाण्याला गाठ नाही. पाण्यापासून जो जितका लांब, त्याला तितक्या गाठी. स्पिरिट पाण्याचं जवळचं, त्याला एक. ॲसिटोनला दोन. पेट्रोलला तीन, ते पाण्याला ओळखतच नाही, त्याच्यात कार्बन आणि हायड्रोजन जवळजवळ सारख्या ओढीचे, कुठलंच तोंड नाही. "ज्याची जात ज्याच्याशी जुळते त्यात ते विरघळते," असं म्हणून तुम्ही लगेच जीभ चावली होती. "जात नाही, स्वभाव म्हण बाप्पा."

मी तेव्हाही रुसलो. "मले वाचता येते, काकू. गाठी कावून?"

"तुले येते रे. स्पिरिटले अक्षर ठेवता येत नाही."

पण मला वाटत राहिलं की हे माझ्या नववीसाठी केलेलं आहे. सवय मात्र झाली. न पाहता अंगठ्यानं गाठ मोजायची आणि बाटली उचलायची. जगात कुठे अशी पद्धत असेल असं वाटत नाही.

आता ओढणी.

साखरपुड्याची ओढणी होती, सॅटिनची, मोतिया रंगाची, मुलीच्या आत्यानं परदेशातून आणलेली. आठवड्यावर साखरपुडा. मधोमध बॉलपेनची रेघ. मुलीची आई गल्ल्यावर रडायच्या बेतात आणि तुम्ही त्यांना म्हणालात, "पल्लाद काढते. त्याचा हात हलका हाय." माझ्यासमोर म्हणालात. एवढ्या वर्षांत माझ्याबद्दल कुणी दुसऱ्याला असं सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं.

पेनाच्या शाईला स्पिरिट. नियम तुमचा: कुठल्याही कापडावर आधी आतल्या दुमडीत, काठाच्या शिवणीमागे, थेंब टाकून पाहायचा, शंभर मोजायचे, मग डागावर जायचं. मी फळीवर अंगठा फिरवला. एक गाठ. कडक, टणक लागली, वाटलं वाळली असेल. बाटली घेतली. मला सर्दी होती, नाक गच्च, वास कळला नाही. बोळा भिजवला आणि रेघेवर ठेवला. उचलला तर रेघ नव्हती आणि तिथलं कापडही नव्हतं. बोळ्याला चिकट तार आली आणि ओढणीत रुपयाएवढं भोक.

तुम्हीच काहीतरी वाटून आत आलात. पाहिलं. बाटलीचा वास घेतला.

"हे ॲसिटोन हाय, पल्लाद."

"एक गाठ होती, काकू."

"दोन होत्या."

"एक होती! म्या मोजली."

"थेंब टाकून पाहिला होता?"

"पाहिला. काही झालं नाही."

तुम्ही चष्मा लावला आणि ओढणी उचलली. भोकाकडे पाहिलं नाही. काठ उलटा केला आणि शिवणीच्या मागून चारही बाजू, बोटाबोटानं सरकवत, पूर्ण फिरून पाहिल्या. खूप वेळ. मी भिंतीला टेकून उभा. मला वाटलं, ही हिशेब लावते आहे, अजून कुठे कुठे बिघडवलं ते शोधते आहे, सगळं माझ्या नावावर घालायला. मग तुम्ही ओढणीची घडी केली आणि एवढंच म्हणालात, "तू बाटली चुकला." पुढे त्याच शांत आवाजात समजावलंसुद्धा: हे कापड ॲसिटेटचं. मुळात कापसासारखंच, पण त्याचे हायड्रोजनचे हात झाकून टाकलेले. म्हणून पाणी त्याला ओळखत नाही. ॲसिटोन दोन्हीकडचं, पाण्यातही मिसळतं आणि तेलाच्या घरीही जातं, ते या कापडात शिरतं आणि धागा न धागा सोडवतं. स्पिरिट असतं तर काही झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तुम्ही अमरावतीला गेलात आणि चार दुकानं फिरून तशीच ओढणी जुळवून आणलीत. साखरपुडा झाला. त्या बाईंना तुम्ही काय सांगितलंत ते मला कधी कळलं नाही. नंतर दिसल्या की त्या माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहायच्या, असं मला वाटायचं. असेलही. नसेलही.

आणि सहा महिन्यांनी तुम्ही मला इथे पाठवलंत. तुमच्या मैत्रिणीच्या ओळखीनं, हॉटेलात, डाग काढायच्या जागेवर. स्टेशनवर सोडायला आलात, डब्यात मिरचीचा ठेचा आणि भाकरी. सगळे म्हणाले, पल्लादचं भलं झालं. झालंच. आज माझं घर त्याच्यावर चालतं, आणि कपड्यावर हात ठेवला की तो कशाचा आहे हे मला कळतं, ते तुमच्यामुळे. पण गाडी अकोला सोडून पुढे गेली तसं माझ्या डोक्यात एकच फिरत होतं: हिनं मला घालवलं. मी बाटली चुकलो नव्हतो. एक गाठ होती. म्हणजे कुणीतरी बाटल्या बदलल्या, आणि भरायचं काम तर तुम्हीच करायच्या. स्वतःची चूक माझ्यावर टाकली आणि वर उपकार करून लांब धाडलं.

आठ वर्षं मी असं समजून होतो. दर दिवाळीला तुमचा फोन यायचा आणि मी ऐकत बसायचो, ही आता कबूल करेल, आता करेल. तुम्ही ऑक्सिजनवर बोलायच्या.

परवा दुपारी मृणालचा पुन्हा फोन आला. मी जेवणाच्या सुट्टीत होतो. ती दुकान आवरायला अमरावतीहून आली होती आणि बाटल्यांपुढे बसली होती.

"दादा, यातलं कशात काय हाय मले काई समजत नाही. मी कॉमर्सवाली. आई गाठी मारून गेली."

"खिडकी उघडी हाय ना? गॅस, उदबत्ती काही पेटलेलं नाही ना?"

"सगळं बंद केलं. सांग."

मी एकेक सांगत गेलो. वाटीभर पाण्यात चमचाभर टाक. तरंगतं का? तरंगलं. तीन गाठी? हो, तीन. पेट्रोल, बाजूला ठेव. दुसरी. पाण्यात मिसळली. किती गाठी? एक. स्पिरिट.

"अन् ही तिसरी, हिले दोन गाठी हायेत. पण दादा, हिलेच सुतळी कावून?"

"काय?"

"बाकी सगळ्याइले लाल पट्टी हाय, चमकदार. हिच्या गळ्यात साधी सुतळी. सुती. दोन गाठी, पक्क्या."

ताटातला घास तसाच राहिला, काकू. मला वाटतं मी तिला दोनदा तेच विचारलं.

मग म्हटलं, "मृणाल, लाल पट्टीचा तुकडा काप. काचेच्या वाटीत ह्या सुतळीवाल्या बाटलीतलं थोडं घे अन् तुकडा त्यात टाक."

कात्रीचा आवाज आला, मग वाटीचा. मग ती म्हणाली, "बापा! हे तर चिकट होऊन राहिलं. विरघळून राहिलं, दादा. गोंदासारखं."

अस्तराचं कापड. ॲसिटेट. ओढणीचंच भावंड. ॲसिटोन ओतताना ओघळ गळ्यावर यायचा, लाल पट्टी थोडी थोडी विरघळायची, आणि शेजारी शेजारी मारलेल्या दोन गाठी एकमेकीत मिसळून एक गोळा झाला. कडक, टणक. मी मोजली ती एकच होती. तुम्ही मारल्या त्या दोनच होत्या. कुणी बाटली बदलली नव्हती. खूणच विरघळून गेली होती.

आणि तुम्हाला हे कळलं होतं. नाहीतर सुतळी कशाला? मी लगेच मृणालला विचारलं, ही सुतळी कुणी बांधली, तू का? माझी झडती चालूच होती. ती म्हणाली, "मले अशी गाठ येते का? आईची हाय. डावी वळवून ओढलेली." तुमचा हात थरथरायला लागून चार वर्षं झाली. त्यानंतर तुम्ही साडीची पिन लावू शकत नव्हता, हे मला फोनवरून माहीत होतं. म्हणजे सुतळी त्याच्या आधीची. म्हणजे निदान चार दिवाळ्या, कदाचित आठ, तुम्हाला माहीत होतं की पल्लाद चुकला नव्हता, आणि तुम्ही मला ऑक्सिजनच्या जामिनाचं विचारत राहिलात.

का नाही सांगितलं?

पहिला दिवस मी फक्त रागात होतो. वाटलं, माझा संशय खरा निघाला, आता तरी बरं वाटेल. वाटलं नाही. तुम्ही समोर असता तर मी भांडलो असतो आणि तुम्ही काहीतरी बोलून मला हसवलं असतं आणि मी परत विचारलं असतं. आता विचारलं की माझाच आवाज येतो.

दुसऱ्या दिवशी इथे एक कोट आला, अस्तर लाल. सवयीप्रमाणे आतली शिवण उलटी केली, थेंब टाकला आणि मोजायला लागलो. एक, दोन, तीन. आणि मोजता मोजता मला तुम्ही दिसलात. चष्मा लावून, ओढणीचा काठ उलटा करून, बोटाबोटानं सरकवत.

मी इथे त्या चौघांना केमिस्ट्री सांगतो, पण हे एवढं मला आठ वर्षांत सुचलं नव्हतं, किंवा मी सुचू दिलं नाही. ॲसिटोन जर मध्यभागी कापड खातं, तर काठाशीही खाणारच. थेंब टाकला असता तर आधी तिथे भोक पडलं असतं, शिवणीच्या मागे, कुणाला न दिसणारं, तिळाएवढं. तेच तुम्ही शोधत होतात. चारही बाजूंनी शोधलंत. माझ्यासाठी शोधलंत, सापडावं म्हणून.

तुम्ही त्या बाईंसमोर म्हणाला होतात, त्याचा हात हलका आहे. मला तो हात दाखवायची घाई झाली होती. शंभर मोजायला मी थांबलो नाही, काकू. थेंब टाकला नव्हता.

तुम्ही मला बाटली चुकला म्हणालात, खोटं बोलला असं म्हणाला नाहीत. त्यानंतर सुतळी बांधलीत आणि गाठ विरघळली होती हेही म्हणाला नाहीत. इथे का पाठवलंत ते मला अजूनही ठरवता येत नाही. खोटा माणूस दुकानात नको म्हणून, की गाठीचं मनाला लागलं म्हणून, की खरंच मला काम येत होतं म्हणून. तिन्ही असतील. तुमच्या वाट्याला किती गप्प राहणं आलं आणि माझ्या वाट्याला किती, ते सारखं नव्हतं एवढं मात्र दिसतं, आणि जास्त कुणी ओढून धरलं तेही दिसतं. ऑक्सिजनला मी सोडतो. जामिनाशिवाय.

मृणालला सांगितलं आहे, बाटली रिकामी कर पण सुतळी सोडू नको, तशीच ठेव, मी येईन तेव्हा घेईन. आणि हे सगळं तेराव्याला वाच. त्या ओढणीवाल्या बाई आल्या असतील तर त्यांच्यासमोर वाच. चार ओळी मागितल्या होत्या, जास्त झाल्या. पण यातली एकच महत्त्वाची आहे, ती तुम्हाला तेव्हाच माहीत होती आणि मी आज सांगतो आहे.

काठ चारही बाजूंनी धड होता.